आंतरजालावरील साधनांची जुळणी : वऱ्हाडी बोलीच्या निमित्ताने

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत असताना गिरवलेली आहे. परंतु तळे साचण्यास नुसते थेंब पुरत नाहीत. जमिनीला उतार लागतो, पाण्याला वाट लागते आणि शेवटी पाळही बांधावी लागते. आज आपल्या मोबाईलवर माहितीचा अक्षरशः पाऊस पडत आहे. व्याख्याने, कोश, जुने ग्रंथ, ध्वनिमुद्रणे, नकाशे असे सारे काही क्षणात समोर येते. तरीसुद्धा एखाद्या विषयाचा अभ्यास झाला असे म्हणण्याजोगे हाताशी फारच थोडे उरते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय नुसता तात्त्विक राहू नये म्हणून बी.ए.च्या तिसऱ्या वर्षी मी प्रकल्पासाठी घेतलेल्या 'आपली घरची बोली' या विषयाचे उदाहरण सर्वत्र वापरले आहे.

अनेक साधने एकत्र आणून शिकविण्याची कल्पना नवी नाही. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केले. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि घरपोच पुस्तके व अभ्यासकेंद्र यांच्या आधारे शिकण्याची सोय झाली. जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ आले. त्यात दृक्‌श्राव्य व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि शंकाचर्चा असे चार भाग एकत्र बांधलेले असतात. अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठे देऊ शकतात. म्हणजे जुळणी करून देणारे आहेतच. प्रश्न उरतो तो असा की, ज्या विषयाची जुळणी कोणीच करून ठेवलेली नाही, त्याचे काय? वऱ्हाडी बोली हा असाच विषय आहे. येथे विद्यार्थ्यालाच जुळणी करणारा व्हावे लागते.

१. आधी प्रश्न, मग शोध

शोधाच्या चौकटीत 'वऱ्हाड' हा शब्द टाकून पाहावा. पहिल्या काही उत्तरांत लक्ष्मणराव देशपांडे यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा गाजलेला एकपात्री प्रयोग हटकून येतो. तेथील वऱ्हाड लग्नाचे आहे आणि त्यातील बोली मराठवाड्याची आहे! 'नेर' हा शब्द टाकला तर आपल्या नेर परसोपंतबरोबर धुळे जिल्ह्यातील नेरही समोर उभे राहते. वऱ्हाडी उच्चाराप्रमाणे 'काया' (काळा) शोधावा तर देहाला काया म्हणणारे अभंग व कीर्तने मिळतात. यंत्राला अक्षरे कळतात, आपल्या मनातील हेतू कळतोच असे नाही. म्हणून 'नेर, यवतमाळ जिल्हा', 'वऱ्हाडी बोली, ळ चा उच्चार' असे नेमके शब्द द्यावे लागतात. आणि नेमके शब्द देता येण्यासाठी मनात नेमका प्रश्न असावा लागतो.

माझा प्रश्न असा होता : आम्ही घरी बोलतो ती वऱ्हाडी ही पुस्तकी मराठीची बिघडलेली प्रत आहे, की स्वतःचे नियम असलेली बोली आहे? हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत 'पानी' लिहिल्याबद्दल लाल रेघ पाहिली आहे, 'मले' म्हटल्याबद्दल हशा ऐकला आहे. परिणामी वर्गात तोंड न उघडणारे हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे. मराठी गद्याचा आरंभ ज्या भूमीत झाला, त्या भूमीतील मुलाला आपल्या तोंडच्या मराठीची लाज वाटावी, हे ठीक आहे काय?

२. साक्षीदारांची ओळख

प्रश्न ठरला की साधनांकडे साक्षीदार म्हणून पाहता येते. साक्षीदार कोण, तो कोठे उभा होता, त्याला काय दिसू शकत होते आणि काय दिसणे शक्यच नव्हते, हे आधी विचारावे.

पहिला साक्षीदार मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला; विसावा खंड त्यांच्या पश्चात २०१५ साली आला. आता तो आंतरजालावर विनामूल्य वाचता येतो. विषयाची चौकट, पारिभाषिक शब्द आणि पुढील वाचनाची दिशा यांसाठी त्याच्याइतका भरवशाचा आधार मराठीत दुसरा नाही. परंतु नोंद ज्या वर्षी छापली गेली, त्या वर्षाचे जग तिच्यात असते. १९८० च्या दशकातील खंडात जिल्ह्याच्या लोकसंख्येचा आकडा त्या काळचा असणार. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ आहे. त्यामुळे व्याख्या विश्वकोशाची आणि आकडा जनगणनेचा, अशी वाटणी करावी. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तो रोज बदलू शकतो, हेच त्याचे बळ आणि हीच त्याची मर्यादा. तेथे मिळालेल्या विधानाचा मूळ आधार उघडून पाहिल्याशिवाय ते वहीत उतरवू नये.

दुसरा साक्षीदार जॉर्ज ग्रियर्सन यांचे भारतीय भाषांचे सर्वेक्षण. त्याचा सातवा खंड १९०५ साली निघाला आणि तो संपूर्ण मराठीला वाहिलेला आहे. तो सिद्ध करण्यात स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडितांचा मोठा वाटा होता. वऱ्हाड आणि मध्यप्रांतातील मराठीचा त्यात स्वतंत्र विभाग आहे. पद्धत अशी की, बायबलमधील उधळ्या पुत्राचा दृष्टांत ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घ्यावयाचा आणि त्याच्या जोडीला २४१ शब्द व वाक्यांची एक ठरावीक यादी भरून घ्यावयाची. एकच गोष्ट आणि एकच यादी असल्यामुळे दोन बोली शेजारी ठेवून पाहता येतात. मात्र हे नमुने जिल्ह्यातील सरकारी अधिकाऱ्यांमार्फत गोळा झाले. लिहिणारा शिकलेला, त्यामुळे कानाला ऐकू आलेले लिहिताना 'सुधारले' गेले असण्याचा संभव राहतो. ही उणीव ग्रियर्सन यांच्याही लक्षात असावी. कारण १९१३ ते १९२९ या काळात अनेक भाषांची ग्रामोफोन ध्वनिमुद्रणेही करण्यात आली. ती अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक संकेतस्थळावर ऐकावयास ठेवलेली आहेत.

तिसरा साक्षीदार कोश. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले व पुरवणी १९५० साली आली. हे दोन्ही कोश वर सांगितलेल्या शिकागोच्याच संकेतस्थळावर शोधता येतात. वऱ्हाडी शब्द मोल्सवर्थमध्ये मिळाला नाही, म्हणजे तो शब्द नवा किंवा भ्रष्ट, असे समजू नये. मोल्सवर्थ यांचे काम मुंबई सरकारच्या आश्रयाने झाले. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभाराखाली होते, त्या वर्षीच्या तहाने ते इंग्रजांकडे सोपविले गेले आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडले गेले. मुंबई इलाख्यात ते कधीच नव्हते. पहिल्या आवृत्तीच्या कोशकारांच्या कानावर आमचे शब्द पडण्याचा योग तो कितीसा असणार? दाते-कर्वे यांच्या कोशात मात्र प्रांतवार खुणा आहेत. कंसात 'व.' दिसला की तो शब्द वऱ्हाडातील आणि 'ना.' दिसला की नागपूरकडील समजावा. एका कोशाचे मौन दुसऱ्याने असे भरून निघते.

चौथा साक्षीदार अलीकडचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने २०१७ पासून मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. गावोगावच्या स्त्रीपुरुषांची ध्वनिमुद्रणे आणि त्यांचे लेखन संकेतस्थळावर ठेवलेले आहे. ग्रियर्सन यांच्या खंडात बोली डोळ्यांनी वाचावी लागते, येथे ती कानांनी ऐकता येते.

पाचवा साक्षीदार साहित्य. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) ही कादंबरी आपल्या परिचयाची आहे. तिच्यातील संवादांत वऱ्हाडीचा बाज आहे. तथापि कादंबरीकार लेखनासाठी बोलीची निवड करतो, तिची नोंद करीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

३. साक्षी ताडून पाहताना

मी एका वहीच्या पानावर पाच रकाने आखले : कोणी म्हटले, कधी म्हटले, कशासाठी म्हटले, काय म्हटले आणि आमच्या घरी काय म्हणतात. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो आंतरजालावर भरून मिळत नाही.

हा रकाना भरण्यासाठी मी ग्रियर्सन यांचीच यादी वापरली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ती यादी आजही उत्तम प्रश्नावली ठरते. संख्या, सर्वनामे, शरीराचे अवयव, नातीगोती, जनावरे, क्रियापदांची रूपे अशी ती चढत जाते. तीत एक वाक्य आहे : येथून काश्मीर किती दूर आहे? हे आपल्या बोलीत सांग म्हटल्यावर आजी म्हणाली, "काश्मीरले कोन चाललं बाप्पा!" उत्तर मिळाले नाही, परंतु 'ले' आणि 'कोन' ही दोन्ही रूपे आपोआप मिळाली. सांगितलेल्या वाक्यापेक्षा सहज निघालेले वाक्य बोलीच्या अभ्यासात अधिक मोलाचे, हेही समजले.

आता तीन उदाहरणे पाहू.

पहिले 'पानी' आणि 'डोया'. वऱ्हाडीत 'ण' च्या जागी 'न' येतो : पानी, कोन, लोनी. 'ळ' च्या जागी बहुधा 'य' येतो : डोया, काया, शाया, केयी. चूक असती तर ती एका शब्दात झाली असती व दुसऱ्यात झाली नसती. येथे तर शब्दामागून शब्द एकाच वाटेने जातात. वाट ठरलेली असणे यालाच नियम म्हणतात. हिंदीत 'पानी' शुद्ध आहे आणि संस्कृतातील मूळ शब्दही 'पानीय' आहे. यावरून वऱ्हाडी संस्कृताला जवळची, असा उलटा अभिमान मात्र बाळगू नये. वऱ्हाडीतील 'न' हा मराठीच्या 'ण' पासून पुढे झालेला बदल असावा. कारण तो अशा मूळ 'न' नसलेल्या शब्दांतही आढळतो. आमच्या घरात आजीच्या तोंडी 'ळ' जवळजवळ नाही. वडील वावरात 'डोया' म्हणतात आणि तालुक्याच्या कचेरीत 'डोळा' म्हणतात. धाकटी बहीण माझ्याशी एक आणि बाईंशी दुसरे बोलते. एकाच घरात तीन पिढ्यांच्या तीन तऱ्हा! शिवाय 'ळ' कायम ठेवणारी घरेही नेरमध्ये आहेत. म्हणून 'वऱ्हाडी माणूस असे बोलतो' असे सरसकट विधान करणारा लेख दिसला की 'कोणता माणूस?' असे विचारावे.

दुसरे 'मले' आणि 'तुले'. मला, तुला यांच्या जागी ही रूपे येतात. सातवा खंडच उघडून बसलो तर हे वऱ्हाडकडचे एक वैशिष्ट्य एवढेच हाती लागते. परंतु खानदेशातील अहिराणीतही 'ले' आहे. आणि ग्रियर्सन यांनी खानदेशी सातव्या खंडात न घेता नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींच्या सोबत (१९०७) घेतली आहे. दोन खंड शेजारी ठेवले तेव्हा 'ले' चा पट्टा वऱ्हाडच्या पलीकडे पश्चिमेस पसरलेला दिसला. एवढ्या मोठ्या मुलखात, एवढ्या लोकांच्या तोंडी जे रूप नांदते, त्याला घसरलेली जीभ म्हणता येणार नाही. ग्रंथाचे विभाग ग्रंथकाराने पाडलेले असतात, बोली त्या रेषा पाळत नाहीत.

तिसरे 'बंडी'. प्रमाण मराठीत बंडी म्हणजे अंगात घालावयाचा एक कपडा. आपल्याकडे बंडी म्हणजे बैलगाडी. तेलुगू आणि कन्नड या भाषांतही 'बंडी' म्हणजे गाडीच. ब्राऊन यांचा तेलुगू-इंग्रजी कोश त्याच शिकागोच्या संकेतस्थळावर आहे, तेव्हा हे दोन मिनिटांत ताडता येते. आपल्या जिल्ह्याची सीमा आज तेलंगणाला लागून आहे, हा नकाशाचा पुरावा. वऱ्हाड आणि तेलंगण दीर्घकाळ एकाच निजामी अमलाखाली होते, हा इतिहासाचा पुरावा. तिन्ही पुरावे एका दिशेने बोट दाखवितात. तरीही शब्द इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे आला, हे ठरविण्यास जुन्या लेखांतील उल्लेख हवेत. म्हणून वहीत मी 'संभव' असे लिहिले, 'सिद्ध' असे लिहिले नाही. साधने एकत्र केल्याने दरवेळी निर्णय मिळतो असे नाही; मात्र निर्णयाला काय कमी पडते आहे ते स्पष्ट दिसते.

या तीन उदाहरणांवरून माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे मी समजतो. वऱ्हाडीला नियम आहेत, विस्तार आहे आणि शेजाऱ्यांशी देवघेवीचा इतिहास आहे. प्रमाण मराठी शिकणे आवश्यकच आहे. परीक्षा, कचेऱ्या, ग्रंथ यांची ती भाषा आहे. परंतु तिच्याकडे जाण्याचा रस्ता घरच्या बोलीला हिणवून जात नाही. 'तुझे चुकले' म्हणण्याऐवजी 'घरी न, पुस्तकात ण' असे सांगितले तर मूल दोन्ही शिकते.

४. हक्क आणि संमती

फुकट दिसते ते सारे मोकळे असते असे नाही. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साधारणपणे ६० वर्षांपर्यंत त्याच्या साहित्यावर हक्क राहतो. मोल्सवर्थ किंवा ग्रियर्सन यांचे ग्रंथ या मुदतीच्या पलीकडे गेले आहेत; आजच्या प्राध्यापकांच्या व्याख्यानाचे तसे नाही. विकिपीडियावरील मजकूर श्रेय देऊन व त्याच अटींवर वापरता येतो. श्रेय देणे हा कायद्याच्या आधी सभ्यतेचा भाग आहे. आणि आपण स्वतः एखाद्या वृद्ध माणसाचे बोलणे मोबाईलवर टिपून घेतो, तेव्हा 'हे मी कोठे ऐकवणार आहे' हे आधी सांगून होकार घेतला पाहिजे. आजीने होकार देताना एक अट घातली : शेजारणीबद्दल बोललेले वगळायचे. ती मी पाळली आहे.

५. आपल्या महाविद्यालयापुरते

हे काम एकट्याचे नाही. चार-पाच विद्यार्थ्यांनी साधने वाटून घ्यावीत : एकाने कोश, एकाने सर्वेक्षणाचे खंड, एकाने ध्वनिमुद्रणे, एकाने साहित्य, आणि शेवटचा रकाना मात्र प्रत्येकाने आपापल्या गावी भरावा. मोठ्या फाईली महाविद्यालयात एकदाच उतरवून घेतल्या तर ज्यांच्या गावी मोबाईलला पट्टी मिळत नाही, त्यांचीही सोय होते. ग्रियर्सन यांचे खंड इंग्रजीत आहेत. तेथे इंग्रजी विभागाची मदत घेता येईल. तसेच आपल्या जिल्ह्यात मराठीशिवाय बंजारा, गोंडी, कोलामी याही भाषा घरोघर बोलल्या जातात. गोंडी व कोलामी यांसाठी सर्वेक्षणाचा चौथा खंड आणि बंजारासाठी पुन्हा नवव्या खंडाचा तिसरा भाग पाहावा. त्या घरांतील आपल्या वर्गमित्रांना 'मले' म्हणणाऱ्यांपेक्षाही अधिक हसू सोसावे लागले आहे. त्यांचा रकाना त्यांनीच भरला पाहिजे.

ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी, अशी माझी सूचना आहे. ज्याला उपयोगी साधन सापडेल त्याने त्याचे नाव, वर्ष, ते कशासाठी चांगले आणि कशासाठी अपुरे, हे चार ओळींत तीत लिहावे. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला शोधाची सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या दर्जाची शोभा ताम्रपट-शिलालेखांनी वाढते, तशीच ती जिवंत बोलींच्या नोंदींनीही वाढेल. शिकागोला बसून कोणी आपले कोश जगापुढे ठेवले, पुण्याहून कोणी ध्वनिमुद्रणे आणून दिली. नेरच्या आणि भोवतालच्या खेड्यांच्या रकान्यात काय लिहावयाचे, ते मात्र आपल्यालाच ठाऊक आहे. आणि ज्यांना ते सर्वांत चांगले ठाऊक आहे, त्या आजी-आजोबांची पिढी आता थकत चालली आहे. तेव्हा वही या सत्रातच सुरू व्हावी.